सांधे दुखतायत? आधी बघा दुखणं झिजेचं आहे का सुजेचं

सांधे दुखायला लागले की आजूबाजूचे सगळेच डॉक्टर होतात, कोणी तेल सांगतं, कोणी कॅल्शियमच्या गोळ्या, कोणी म्हणतं वय झालं आता चालायचंच. ह्यातलं काहीही करायच्या आधी एवढंच शोधा की दुखणं झिजेचं आहे का सुजेचं, कारण संधिवाताचे शंभराच्या वर प्रकार आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालेलच असं नाही.

त्यासाठी पहिली तपासणी फुकट आहे, घड्याळ. सकाळी उठल्यावर आखडलेले सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो ते बघा. झीज असेल तर साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतात, मग दिवसभर वापर झाला की संध्याकाळी ठणकतात. सुजेचा प्रकार, म्हणजे रुमॅटॉइड वगैरे, असेल तर तासभर किंवा जास्तही लागतो. मूठ वळत नाही, टूथब्रश हातातून निसटतो, शर्टाचं बटण लावताना रडू येतं, आणि गंमत म्हणजे आराम केला की जास्त आखडतं, हालचाल केली की बरं वाटतं.

मग कुठले सांधे ते बघायचं. रुमॅटॉइडमधे बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, पावलाचा पुढचा भाग, तेही बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना. नखाजवळचा शेवटचा सांधा सहसा वाचतो, तिथे टणक गाठी आल्या असतील तर बऱ्याचदा झीजच असते (पण नखांवर बारीक खड्डे असतील किंवा अंगावर सोरायसिस असेल तर वेगळं, डॉक्टरांना ते आवर्जून दाखवा). घरी करून बघायचं तर चार बोटांची मुळं दोन्ही बाजूंनी एकत्र हलकेच दाबा, एवढ्यानेही कळ येत असेल आणि सांधा मऊ, फुगलेला, कोमट लागत असेल तर थांबू नका.

रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद झाला आणि चादर लागलेलीही सहन होत नाही, असं असेल तर गाऊटचा, म्हणजे सांध्यात युरिक अॅसिडचे खडे साचून होणाऱ्या संधिवाताचा, संशय घ्यायचा. इथे एक गोची आहे, ऐन अटॅकमधे युरिक अॅसिडचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे त्रास उतरल्यावर परत करावा लागतो. तरुण माणसाची कंबर तीन महिन्यांपेक्षा जास्त दुखत असेल, पहाटे दुखण्याने जाग येत असेल आणि चाललं फिरलं की बरं वाटत असेल तर ते नुसतं 'खुर्चीत बसून बसून' नसतं, तेही दाखवा.

आणि एकच सांधा अचानक सुजून गरम झाला, सोबत ताप आहे, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सांध्यात इन्फेक्शन असेल तर काही दिवसांतच तो कायमचा खराब होऊ शकतो.

रिपोर्टबद्दल थोडं. आरए फॅक्टर ही रुमॅटॉइडसाठी करतात ती रक्ततपासणी, ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रुमॅटॉइड झालाच असं नाही, धडधाकट लोकांतही ती तशी येते, आणि निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असंही नाही. अँटी सीसीपी ही दुसरी रक्ततपासणी त्यामानाने जास्त नेमकी. पण शेवटी निदान सांधे हाताने चाचपून, सगळं विचारून होतं, त्यासाठी रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे तज्ज्ञ डॉक्टर, गाठा, आणि लवकर गाठा, कारण सुजेच्या संधिवातात सांध्याचं नुकसान सुरुवातीच्या महिन्यांतच व्हायला लागतं आणि झालेलं भरून येत नाही. नुसत्या पेनकिलरवर वर्ष काढणं म्हणजे आवाज बंद करून आग तशीच ठेवणं.

रुमॅटॉइडच्या औषधांत मेथोट्रेक्सेट बहुतेकांना ऐकून माहीत असेल. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज नाही. रोज घेतल्याने माणसं जीवाला मुकली आहेत, म्हणून वार ठरवा आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. सोबत फॉलिक अॅसिड देतात, मधून मधून रक्त तपासतात, दारू टाळायची, आणि बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात, लोक नेमके तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडून देतात!

स्टिरॉइडचं उलटं, दोन दिवसांत जादू. 1948 मधे अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांनी रुमॅटॉइडच्या पेशंटला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं, काही दिवसांत फरक पडला आणि 1950 मधे त्यांना त्या कामासाठी नोबेल मिळालं. पण जास्त काळ घेतलं की हाडं ठिसूळ, शुगर वर, आणि एकदम बंद केलं तरी त्रास. म्हणून नाव नसलेल्या कुठल्या पुडीने दोन दिवसांत आराम पडला तर खुश होण्याआधी त्यात स्टिरॉइड असल्याची शंका घ्या.

आता सांधे जपायचे कसे. तत्त्व सोपं आहे, लहान सांध्याचं काम मोठ्या सांध्याला द्यायचं. पिशवी बोटांत लटकवू नका, कोपरावर किंवा खांद्यावर घ्या. बरणीचं झाकण बोटांनी नाही, तळहाताने दाबून फिरवा. ओला कपडा पिळताना तो नळाला गुंडाळून ओढा, मनगट मुरगळायची गरजच पडत नाही. पेन, चमचा, ब्रश ह्यांचा दांडा जाड करा, वर फोम किंवा कापड गुंडाळलं तरी चालतं, जेवढा दांडा बारीक तेवढी बोटं आवळावी लागतात. दोन्ही हातांनी कप धरण्यात कसली लाज.

गुडघ्यांसाठी वजन. 1 किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने उतरतो, त्यामुळे थोडं कमी झालं तरी फरक जाणवतो. मांडीचे स्नायू मजबूत करा, पाठीवर झोपून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचला, चार पाच सेकंद धरा, हळू खाली. व्यायामानंतर दुखणं दोन तासांपेक्षा जास्त टिकलं तर उद्या कमी करा, बंद मात्र नाही. सांधा ऐन सुजलेला असेल तेव्हा जोर नको, फक्त हळूच पूर्ण वळवून आणायचा. आणि सिगरेट सोडा, रुमॅटॉइडचा धोका ती वाढवतेच, शिवाय औषधंही कमी लागू पडतात.

डॉक्टरकडे जाताना एक करा, सूज असेल तेव्हाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी हात हमखास ठणठणीत दिसतो. सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं ते पण फोटोसोबत नोट करून ठेवा.