स्पूलवर रेकॉर्डिंग करायचंय? मग तयारी आठवडाभर आधीपासून

रविवारी घरी गाण्याची बैठक आहे आणि माळ्यावरचा स्पूलवाला डेक (म्हणजे कॅसेटऐवजी मोठ्या उघड्या चकत्यांवर, स्पूलवर, टेप गुंडाळणारा टेपरेकॉर्डर) काढून त्यावर रेकॉर्ड करायचं ठरलंय, तर तो रविवारी सकाळी उतरवू नका, आठवडाभर आधी उतरवा, आणि दोघांनी उतरवा, पंधरा किलोचा ऐवज असतो तो.

पहिल्यांदा डेकच्या मागे व्होल्टेज लिहिलेली पट्टी वाचा. अमेरिकेहून मामाने आणलेला असेल तर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ लिहिलेलं असणार, आपल्याकडे 230 आणि 50. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्टेज उतरतं पण हर्ट्झ तेच राहतात, आणि बऱ्याच जुन्या डेकांची कॅपस्टन मोटर (टेप ओढणारी) विजेच्या हर्ट्झप्रमाणेच फिरते, म्हणजे टेप सहाव्या हिश्श्याने हळू. काळी एक पट्टीची बाई खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली गायला लागते! गंमत म्हणजे त्याच डेकवर रेकॉर्ड करून त्यावरच ऐकलं तर काहीच कळत नाही, मी असाच फसलो होतो, दुसऱ्याकडची टेप लावली तेव्हा ट्यूब पेटली, तरी आधी दोन दिवस बेल्टलाच शिव्या घातल्या. त्यामुळे स्पीड तपासायला सूर माहीत असलेली बाहेरची टेप हवी. काही डेकमध्ये 50 हर्ट्झसाठी मोटरवर वेगळी पुली लागते, रेव्हॉक्स ए77 सारख्या डेकांना स्वतःचा वेग स्वतः सांभाळणारी सर्व्हो मोटर असल्याने हा त्रास नाही.

बरीच वर्षं बंद असलेलं मशिन थेट प्लगला लावू नका, 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये घाला. बल्ब फुल पेटून तसाच राहिला तर बंद करा आणि मेकॅनिककडे न्या.

मग साफसफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायचे बड्स, हेड (टेपवर आवाज उतरवणारे आणि वाचणारे भाग) आणि टेपला वाट दाखवणारे गाइड पुसा, बडवर चहासारखा तपकिरी डाग येतो, तो यायचा थांबेपर्यंत पुसा. टेप कॅपस्टनवर दाबून धरणारा रबरी पिंच रोलर बोटाने दाबून बघा, काचेसारखा कडक झाला असेल तर टेप घसरणार. हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर असेल तर डेक बंद ठेवून, टेपा दुसऱ्या खोलीत नेऊन वापरा, आणि तो हळूहळू लांब नेल्यावरच बंद करा, हेडजवळ बंद केलात तर होतं त्यापेक्षा वाईट.

टेपमध्ये कंजुषी नको. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, पाठीला काळं कोटिंग असलेल्या बऱ्याच टेपा दमट हवेत चिकट होतात, चालवताना किंचाळतात आणि हेडवर लगदा सोडतात. फ्रान्स-अमेरिकेत नवी टेप अजून बनते, महाग आहे, पण तीच घ्या. 7 इंची स्पूलवर 1200 फूट टेप सेकंदाला 19 सेंटिमीटरच्या स्पीडला 32 मिनिटं पुरते, 1800 फुटी 48. म्हणजे विलंबित ख्याल मध्येच तुटणार नाही असा हिशोब आधी गायकाशी बोलून ठेवा, आणि दुसरा रिकामा स्पूल हाताशी ठेवा, तो हमखास सापडत नाही.

आदल्या दिवशी तबला-पेटीसकट पाच मिनिटं ट्रायल घ्या. तीन हेडचा डेक (रेकॉर्ड होता होताच टेपवरचं ऐकवणारा) असेल तर हेडफोन लावून मॉनिटरचं बटण ‘टेप’वर ठेवा, ‘सोर्स’वर (म्हणजे थेट माइकच्या आवाजावर) नाही, नाहीतर आत काय छापलं जातंय ते घरी सगळे गेल्यावरच कळेल. आवाजाच्या मीटरची सुई सम आल्यावर शून्याच्या जरा पुढे गेली तर चालतं. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढा (नंतर लावायला विसरू नका, दूध नासतं).

आणि झाल्यावर रिवाइंड करू नका. टेप तशीच, शेवट बाहेर ठेवून डब्यात घाला, म्हणजे एका थराचा आवाज दुसऱ्यावर उतरला तरी तो गाण्याच्या आधी न येता मागून येतो आणि खपून जातो. डब्यावर पेन्सिलीने तारीख, स्पीड, ट्रॅक आणि मोठ्या अक्षरात ‘उलटी आहे’.