कॅपिटल गेनच्या अपिलांत नवीन असाल तर आधी सातबारा वाचायला शिका

आमच्याकडे आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या ऑफिसातल्या उमेदवारीला, नवीन पोरं आली की दोन महिन्यांत एकच मागणी सुरू होते, मॅडम जीएसटीचे रिटर्न भरून कंटाळा आला, अपिलाचं काम द्या की. मीही असंच म्हणायचे. चिंतामणराव कॉलेजातून बीकॉम केलं, विश्रामबागेत एका छोट्या ऑफिसात आर्टिकलशिप केली आणि सीए झाल्यावर सांगलीतच राहिले. आता हातातल्या कामातलं निम्म्याहून जास्त काम जमीनविक्रीवरच्या टॅक्सच्या अपिलांचं आहे. कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकले, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते. कलमं जुन्या १९६१ च्या कायद्यातली सांगते. नवीन कायदा १ एप्रिल २०२६ पासून आहे आणि त्यात नंबर बदललेत, पण अपिलात येतात ती वर्षं जुनी असतात आणि त्यांना जुनाच कायदा लागतो.

पहिली केस सांगते, म्हणजे कामाचा अंदाज येईल. मिरज तालुक्यातले एक आण्णा आले, हातात कापडी पिशवी, त्यात डिमांड नोटीस. म्हणाले, "मॅडम, रान विकलंय ते खरं हाय, पण ते चौघा भावांचं हुतं की, मला एकट्यालाच कशापायी धरलंय?" २०१७ साली चार भावांनी मिळून जमीन विकलेली, ९६ लाखांना. तीस लाखांच्या वरचं खरेदीखत झालं की रजिस्ट्रार ऑफिसकडून त्याची माहिती इन्कम टॅक्सकडे जाते, आणि ती जाताना प्रत्येक विकणाऱ्याच्या पॅनवर पूर्ण रक्कम दिसू शकते. आण्णांनी आयुष्यात कधी रिटर्न भरलेला नव्हता. नोटिसा पोर्टलवर आणि ई-मेलवर आल्या. ई-मेल कुणाचा, तर ज्या एजंटानं कधीकाळी पॅन काढून दिला त्याचा. कुणीच उत्तर दिलं नाही, शेवटी कलम १४४ खाली एकतर्फी ऑर्डर झाली आणि पूर्ण ९६ लाख आण्णांचं उत्पन्न म्हणून धरले. खरेदीची किंमत शून्य, भावांचा हिस्सा शून्य.

आता आपल्या बाजूनं हिशोब बघा. आण्णांचा हिस्सा २४ लाख. जमीन वडिलोपार्जित, म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते. त्यांच्या हिश्शाची ती समजा २ लाख, २०१७-१८ चा महागाईचा इंडेक्स २७२ (२००१-०२ चा १००), म्हणजे ५.४४ लाख. उरले १८.५६ लाख. त्यातले १२ लाख घालून आण्णांनी सहा महिन्यांत दुसरं रान घेतलेलं, त्याची ५४बी खाली सूट. म्हणजे टॅक्स लागलाच तर ६.५६ लाखांवर, आणि ऑर्डर आहे ९६ लाखांवर! यात मी काही हुशारी केली नाही, फक्त कागद मागवले. पण ते कागद कुठले मागायचे हे कळायला मला दोन वर्षं लागली.

त्याच्याही आधीचा मुद्दा म्हणजे ही जमीन कॅपिटल अॅसेट, म्हणजे विकली की कॅपिटल गेनचा टॅक्स लागतो अशी मालमत्ता, होती का? गावाकडची शेतजमीन असेल तर नाहीच, मग टॅक्सचा प्रश्नच मिटला. हद्दीचा नियम असा की नगरपालिका किंवा महापालिकेची लोकसंख्या दहा हजारांच्या वर पण लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत ६ किलोमीटर, त्याच्याही वर ८ किलोमीटर, आणि त्याच्या पलीकडची शेतजमीन ग्रामीण. लोकसंख्या जनगणनेची, आत्ताच्या अंदाजाची नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या घरात, म्हणून ६ किलोमीटर. सातारा पालिकेचीही तेव्हा लाखाच्या वर, म्हणून तिथंही ६. कराड, तासगाव लाखाच्या आत, म्हणून २.

इथं नवीन पोरं हमखास दोन ठिकाणी चुकतात. एक म्हणजे अंतर राजवाडा चौकातून किंवा एसटी स्टँडपासून मोजतात, ते मोजायचं पालिकेच्या हद्दीपासून, आणि आपली हद्द कुपवाडच्या बाजूला कुठंवर जाते ते नकाशा बघितल्याशिवाय कळत नाही. दुसरं, असेसमेंट इयर २०१४-१५ पासून अंतर हवाई आहे, सरळ रेषेत. आधीच्या वर्षांच्या केसमध्ये कोर्टांनी रस्त्याचं अंतर धरलेलं आहे. रस्त्यानं साडेसात भरतंय म्हणून क्लायंट खुश असतो, आणि सरळ रेषेत निघतात पाच पॉइंट काहीतरी! मोबाइलवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट लावून काम भागत नाही, सरकारी दाखला काढा, तो मिळायला वेळ लागतो म्हणून पहिल्या दिवशीच अर्ज करा.

आण्णांची जमीन ६ किलोमीटरच्या आत की बाहेर यावर वाद होऊ शकत होता, म्हणून आम्ही दोन्ही मुद्दे घेतले. मुख्य मुद्दा जमीन ग्रामीण आहे, आणि ते मान्य नसेल तर पर्यायानं हिस्सा २४ लाखच, २००१ ची किंमत द्या, ५४बी द्या. असं पर्यायी लिहायला संकोच करू नका. सुरुवातीला मला वाटायचं दोन्ही लिहिलं तर आपलाच मुद्दा लंगडा दिसेल. तसं काही होत नाही, उलट पर्यायी ग्राउंड घेतलं नाही तर पुढं पंचाईत होते.

आता सातबारा. अंतर बाहेरचं असलं तरी जमीन खरोखर शेतीची होती का हे दाखवावं लागतं. सुप्रीम कोर्टाचा सरिफाबीबी मोहम्मद इब्राहिम केसचा १९९३ चा निकाल यावर वाचायलाच पाहिजे, जमीन शेतीची आहे की नाही हे एका कागदावरून ठरत नाही, सगळ्या परिस्थितीवरून ठरतं, ते त्यात नीट कळतं. अधिकारी बघतो गाव नमुना बारा, म्हणजे पीकपाहणी. आणि तिथं लिहिलेलं असतं 'पड'. प्रत्यक्षात हळद होती, पण नोंद कुणी केलीच नाही, असं आपल्याकडं किती वेळा होतं हे काय सांगायचं. अशा वेळी बाकीचे कागद गोळा करा. कारखान्याचं ऊसबिल, मार्केट यार्डातल्या आडत दुकानाची हळदीची पट्टी, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा, मोटरीचं लाइट बिल, खताच्या पावत्या. एका तासगावच्या काकांच्या केसमध्ये द्राक्षबागेच्या औषधांच्या दुकानाची उधारीची वही कामाला आली होती, पानापानावर तारखा. क्लायंटला 'पुरावा आणा' म्हटलं तर तो काहीच आणत नाही, 'पट्टी आणा, ऊसबिल आणा' असं नाव घेऊन सांगावं लागतं.

आणि हे सगळं मराठीत असतं. असेसमेंट आणि पहिलं अपील आता फेसलेस आहे, समोरचा अधिकारी देशात कुठंही बसलेला असू शकतो. त्याला जिरायत, बागायत, पोटखराबा, अपाक, फेरफार काय कळणार? मी पहिल्या वर्षी नुसता सातबारा स्कॅन करून टाकायचे आणि ऑर्डरमध्ये यायचं की शेतीचा पुरावा दिला नाही. चिडायचे मी, पण चूक माझी होती. आता प्रत्येक उताऱ्याखाली इंग्रजी भाषांतर, आणि वर अर्ध्या पानाची टीप की सातबारा म्हणजे काय, कुठल्या रकान्यात काय असतं. आर्टिकलना मी पहिले पंधरा दिवस हेच काम देते. नाकं मुरडतात, पण आजोबांच्या नावापासून फेरफार लावत आत्ताच्या चार भावांपर्यंत आलं की हिस्सा कुणाचा किती हे आपोआप उलगडतं.

पहिल्या अपिलाचा फॉर्म ३५ भरताना काय काय लागतं ते सांगते. डिमांड नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, फी ठरलेल्या उत्पन्नाप्रमाणे २५० ते १००० रुपये. हकिकत हजार शब्दांत, आणि प्रत्येक ग्राउंड शंभर शब्दांत बसवायचं. माझी सगळ्यात मोठी चूक याच फॉर्ममध्ये झालेली. त्यात विचारतात की असेसमेंटच्या वेळी न दिलेला नवीन पुरावा जोडताय का, आणि मी घाईत 'नाही' केलं. नंतर पट्ट्या आणि दाखला जोडायला गेले तर नियम ४६ए आडवा आला. आधी का दिला नाही याचं कारण लिहून स्वतंत्र अर्ज करावा लागतो, तो मी चार महिन्यांनी केला, आणि तोवर सरांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. एकतर्फी ऑर्डरच्या केसमध्ये तर सगळाच पुरावा नवीन असतो, त्यामुळे ४६ए चा अर्ज अपिलाबरोबरच लावा.

दुसरी खाच कलम २४९(४) ची. रिटर्न भरला असेल तर त्यातला टॅक्स भरलेला पाहिजे. रिटर्न भरलाच नसेल, आण्णांसारखा, तर अॅडव्हान्स टॅक्सइतकी रक्कम भरा नाहीतर सूट द्या म्हणून कारणासहित अर्ज करा. हा अर्ज नाही म्हणून अपील दाखलच करून घेतलं नाही अशा ऑर्डरी मी बघितल्यात. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र, त्यात तारखा खऱ्या लिहा, ई-मेल कुणाचा होता, ऑर्डर कळली कधी, कशामुळं कळली. १९८७ चा कातिजी केसचा निकाल सगळे टाकतात, टाका, पण हकिकतच गुळमुळीत असेल तर निकाल टाकून उपयोग होत नाही.

अपील टाकलं म्हणजे वसुली थांबली असंही नाही. ३१ जुलै २०१७ च्या प्रत्यक्ष कर बोर्डाच्या सूचनेप्रमाणे साधारण २० टक्के भरले की बाकीच्याला स्थगिती मिळते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज राहिला आणि ऊसबिल जमा झालेल्या खात्यावर जप्ती आली की क्लायंट रात्री फोन करतो, आणि त्याचं बरोबर असतं.

प्लॉटच्या केसेस वेगळ्या. तिथं भांडण ५०सी चं, म्हणजे खरेदीखतातली किंमत कमी आणि रेडी रेकनरची जास्त, मग जास्तीची धरून टॅक्स. १० टक्क्यांपर्यंतचा फरक आता चालतो, त्याच्या वर गेला की अडकलात. २०१९ च्या महापुरात पाणी शिरलेल्या भागातले प्लॉट लोकांनी पडत्या भावानं विकले, पण रेकनरला पूर कुठं दिसतो! अशा वेळी असेसमेंट चालू असतानाच लेखी मागणी करा की आम्हाला ही किंमत मान्य नाही, व्हॅल्युएशन ऑफिसरकडे पाठवा. कोलकाता हायकोर्टानं २०१४ मध्ये सुनीलकुमार अगरवाल केसमध्ये म्हटलंय की मागणी नसली तरी ती संधी द्यायला पाहिजे, पण त्यावर विसंबून बसू नका. साठेखत आधीचं असेल तर त्या तारखेचा रेकनर धरता येतो, फक्त इसाराचे काही पैसे चेकनं किंवा बँकेतून आलेले पाहिजेत. आपल्याकडं इसार रोख देतात, तिथंच केस जाते.

आणि पोराच्या नावावर घेतलेलं घर! जमीन बापाची, पैसे बापाचे, फ्लॅट घेतला पोराच्या नावावर, 'शेवटी त्यालाच द्यायचंय की'. मुंबई हायकोर्टाचा २००८ चा प्रकाश केसचा निकाल ५४एफ मध्ये, म्हणजे घर घेतल्यावर मिळणाऱ्या सुटीत, याच्या विरोधात आहे, आणि आपण त्याच कोर्टाखाली येतो. दिल्ली हायकोर्टाचा निकाल बाजूचा आहे म्हणून क्लायंटला गोड स्वप्नं दाखवू नका, पहिल्या भेटीत स्पष्ट सांगा. मला हे सांगायला जड जायचं, अजूनही जातं.

पहिल्या अपिलात हरलात तर पुण्याचं ट्रिब्युनल, फॉर्म ३६. मुदत आधी ६० दिवस होती, ऑक्टोबर २०२४ पासून ऑर्डर मिळाली त्या महिन्याच्या अखेरीपासून दोन महिने. माझी पहिली सुनावणी आठवली तरी घाम फुटतो. पहाटेच्या एसटीनं गेले, पेपरबुक दोनशे पानांचं, आणि मेंबरनी विचारलं अंतराचा दाखला कुठल्या पानावर. मी म्हटलं ८७, तिथं निघालं लाइट बिल. शेवटच्या दिवशी दोन पट्ट्या मध्ये घातल्या होत्या आणि इंडेक्स बदलायचा राहिला होता. समोर डिपार्टमेंटची बाजू मांडणारे डीआर शांतपणे हसले. तेव्हापासून इंडेक्स मी स्वतः, छापून झाल्यावर, बोट ठेवून तपासते. नवीन असाल तर बोलायची घाई नको, नुसतं मागं बसून दहा-बारा केसेस ऐका, कुठला एआर, म्हणजे करदात्याची बाजू मांडणारा, दोन मिनिटांत मुद्द्यावर येतो ते बघा. निकाल ट्रिब्युनलच्या साइटवर फुकट आहेत, रोज एक वाचा, आणि वाचताना आधी हकिकत वाचा, तत्त्वं मागनं.

आण्णांची केस परत खाली, म्हणजे असेसमेंटच्या अधिकाऱ्याकडे पाठवली गेली, कागद नव्यानं तपासायला. 'म्हंजी जिकलो का हरलो?' यावर अर्धा तास गेला. पुन्हा सगळं दिलं, अंतराचा मुद्दा मान्य झाला नाही, पण हिस्सा, २००१ ची किंमत आणि ५४बी तिन्ही मिळालं. गेल्या महिन्यात त्यांचा धाकटा भाऊ आला. आण्णांनी पढवून पाठवलेला. पिशवीतून एकेक काढत गेला, सातबारा, फेरफार, ऊसबिलं, पट्ट्या, मोटरीची बिलं, सगळं तारखेप्रमाणे सुतळीनं बांधलेलं. मी म्हटलं, बघू ऑर्डर. तेवढी घरी राहिली होती.