अकाउंट्सच्या विद्यार्थ्यांची सॉफ्ट स्किल्स तपासताना या चुका टाळा

महाराष्ट्र मंडळाच्या बारावीत पुस्तपालन आणि लेखाकर्म या विषयाचे ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण प्रकल्पासारख्या अंतर्गत मूल्यमापनाला असतात. संवाद, सहकार्य आणि प्रामाणिकपणा पारखायला कनिष्ठ महाविद्यालयात हीच काय ती जागा असते, पण तिथेही रंगीत मुखपृष्ठाच्या फाइलला अठरा गुण देऊन आपण मोकळे होतो.

फाडफाड इंग्रजी बोलणे म्हणजेच संवादकौशल्य, असे समजणे ही नेहमीची चूक. तोंडी परीक्षेत ताळेबंदाची व्याख्या विचारली, तर पाठांतर तेवढे कळते. त्याऐवजी, नफा होऊनही गल्ल्यात पैसे का नाहीत, हे एखाद्या किराणा दुकानदाराला समजावून सांगायला लावावे. ‘काका, तुमचा माल उधारीवर गेलाय, ते पैसे अजून यायचेत’ असे जी मुलगी सहज सांगते, तिला विषयही कळला आहे आणि समोरचा माणूसही.

प्रामाणिकपणा प्रश्न विचारून कळत नाही. त्यासाठी काम द्यावे लागते. ५,४०० रुपयांची रक्कम खतावताना, म्हणजे खात्यात उतरवताना, ४,५०० लिहिली गेली आहे, अशी एक तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची यादी, जिच्या दोन्ही बेरजा जुळायला हव्यात) मुद्दाम द्यावी. फरक ९०० येतो आणि त्याला ९ ने भाग जातो, म्हणजे अंकांची अदलाबदल झाली असावी, हे चाणाक्ष मुलांच्या लक्षात येईलच. पण आपण पाहायचे ते वाटेत कोण काय करतो हे. कोणी फरक सस्पेन्स खात्यात, म्हणजे न सापडलेला फरक तात्पुरता ठेवायच्या खात्यात, ढकलतो, कोणी शेजारच्या वहीत डोकावतो, तर एखादा म्हणतो, ‘सर, बेरजा दोनदा तपासल्या, चूक खतावणीत असावी, पण अजून सापडली नाही.’ या तिसऱ्याला चूक सापडली नाही तरी या निकषाचे गुण त्यालाच मिळायला हवेत.

गटप्रकल्पात चौघांना सारखेच गुण देऊ नयेत. प्रत्येकाला दुसऱ्याने केलेल्या भागावर एक प्रश्न विचारला, की कोणी काय केले ते उघड होते.

वर्षअखेरीस आठवून भरलेले गुण ही बहुधा लेखी गुणांचीच सावली असते, त्यामुळे निरीक्षण त्याच दिवशी तारखेसह लिहावे. रोजकीर्दीतल्या, म्हणजे व्यवहारांच्या पहिल्या नोंदवहीतल्या, प्रत्येक नोंदीखाली आपण मुलांना स्पष्टीकरण लिहायला लावतो. ‘आत्मविश्वास चांगला’ या मोघम शेऱ्याऐवजी तसेच एक वाक्य आपल्या गुणतक्त्यातही असावे: ‘स्वतःची चूक विचारण्याआधी सांगितली.’