कन्सेंट टर्म्सवर सही करण्याआधी

दोघांच्या संमतीने घटस्फोट घेताना ताबा, पोटगी, भेटी यांच्या ठरलेल्या अटी लिहून दोघांनी सही करायची असते, त्याच कन्सेंट टर्म्स. त्यासाठी वकिलाकडे जाण्याआधी शाळेची एक वही घ्या आणि दोघांनी मिळून मुलांचा आठवडा लिहून काढा. सकाळी उठवतं कोण, डबा कोण करतं, पालकसभेला कोण जातं, रात्री ताप आला तर कोण जागतं. आमची अडीच पानं भरली, आणि मुलं कोणाकडे राहणार, म्हणजे ताब्यावरून चाललेला निम्मा वाद तिथेच निवळला.

कायद्याची बाजू त्यामानाने सोपी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली अर्ज करताना किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. विशेष विवाह कायद्याने लग्न झालं असेल तर कलम २८. लग्नाचा दाखला, लग्नातला फोटो, दोघांची आधार कार्डं, मुलांचे जन्मदाखले एका फाइलमध्ये ठेवा. पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, कर्जाचे कागदही काढून ठेवा. पोटगीचा आकडा अंदाजाने ठरवला की पुढे कुरबुरी होतात. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा काळ माफ होऊ शकतो, पण न्यायालय बघतं की ताबा, पोटगी सगळं खरंच मिटलंय का. अंतिम हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून एकरकमी पैसे द्यायचे असतील तर कधी आणि कसे द्यायचे ते टर्म्समध्ये येऊ द्या.

आता मुलांचं. इथे मात्र घाई करू नका. आमच्या टर्म्समध्ये ‘दोघांच्या सोयीने भेट’ एवढंच होतं. पहिल्याच दिवाळीत माझ्याकडे गावची तिकिटं काढलेली, मुलांच्या बाबांकडे आजीने भाऊबीजेला सगळ्यांना बोलावलेलं, आणि सात वर्षांची लेक बॅग पाठीला लावून दारात उभी, कोणाकडे बघावं ते तिला कळेना. तो चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून गणपती, दिवाळी, मे महिना, वाढदिवस हे सगळं एक वर्ष एकाकडे, पुढचं दुसऱ्याकडे असं आलटूनपालटून लिहा. कुठल्या वारी किती वाजता न्यायचं, परत कोण सोडणार, रात्रीचा मुक्काम कधीपासून, व्हिडिओ कॉल किती वाजता. पाच वर्षांखालचं मूल कायद्याने साधारणपणे आईकडे राहतं. अशा वेळी बाबांच्या भेटी लहान पण वारंवार ठेवा.

खर्चात फी, व्हॅन, मेडिक्लेम, क्लास वेगवेगळे मांडा आणि दरवर्षी किती वाढ तेही घाला. बायकांनो, स्वतःची पोटगी सोडायची असेल तर तुमची मर्जी, मुलांची सोडू नका. ती त्यांच्या हक्काची आहे. परिस्थिती बदलली तर मुलांबाबतच्या अटी बदलून मागता येतात. मुलांच्या पासपोर्टसाठी साधारणपणे दोघांची संमती लागते, तेव्हा त्याबद्दलही एक ओळ असू द्या.

कोर्टाच्या तारखेच्या आधी मुलांना दोघांनी एकत्र बसून सांगा, आणि शाळेत वर्गशिक्षिकेलाही. माझ्या धाकट्याला दमा आहे. तो बाबांकडे गेला त्या पहिल्या शनिवारी पंप माझ्याकडेच राहिला आणि रात्री अकराला रिक्षाने धावत जावं लागलं. पंप, औषधं, चष्मा, झोपताना लागणारी गोधडी दोन्ही घरी वेगळी ठेवा.