विश्वातलं द्रव्य मोजताना या चुका टाळा

रविवारी सकाळी पोहे-जिलेबी उरकली की इंदूरच्या आमच्या घरी पाच-सहा मुलं वह्या घेऊन बसतात. गेल्या खेपेला गणित दिलं होतं: दृश्य विश्वात, म्हणजे जिथून प्रकाश आपल्यापर्यंत पोचू शकला तेवढ्या भागात, साधं द्रव्य, म्हणजे अणूंचं बनलेलं, किती असेल? रीत एका ओळीची. घनता गुणिले घनफळ. तरी वह्या गोळा केल्या तर जितकी मुलं तितकी उत्तरं, आणि सगळ्यात लहान नि सगळ्यात मोठ्या उत्तरात लाखो पटींचा फरक. गंमत म्हणजे सूत्र कुणाचंच चुकलं नव्हतं.

पहिली चूक खास आपल्याकडची. मुलं शाळेत हिंदी बोलतात, घरी मराठी. हिंदीतला अरब आणि मराठीतला अब्ज एकच, १०० कोटी. त्यापुढच्या पायरीवर मात्र पाय घसरतो. हिंदीतला खरब म्हणजे १०० अरब. आपला जुना खर्व म्हणजे फक्त १० अब्ज. एका मुलीने आकाशगंगेतले तारे ‘सुमारे एक खरब’ असे लिहून घेतले होते. आजोबांनी शुद्धलेखन सुधारावं तसं शाईच्या पेनाने ‘खर्व’ केलं, आणि एका काट्यासरशी दहातले नऊ तारे गेले! शब्दांच्या नादी लागू नका. १ वर किती शून्यं, तेवढं लिहा.

उत्तर चाळीसेक पटींनी कमी आलं असेल तर त्रिज्या तपासा. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, म्हणून त्रिज्या १३.८ अब्ज प्रकाशवर्षं, हे पटकन सुचतं आणि तिथेच फसगत होते. प्रकाश वाटेत असताना वाटच ताणली जात होती. ज्या ठिकाणांहून तो निघाला ती आज सुमारे ४६.५ अब्ज प्रकाशवर्षांवर आहेत. त्रिज्येतली चूक ३.४ पटींचीच दिसते, पण घनफळात तिचा घन होतो: ३८ पट.

उत्तर नेमकं दहा लाख पटींनी कमी? मग घनता काढताना हबल स्थिरांकात, म्हणजे विश्व किती वेगाने फुगतंय त्या आकड्यात, किलोमीटरचे मीटर करायचे राहिले. हा स्थिरांक ६७.४ किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक (हे अंतराचं माप) असा देतात. मेगापार्सेक मीटरमध्ये आणि किलोमीटर तसेच ठेवले की हजाराची चूक होते. घनतेच्या सूत्रात स्थिरांकाचा वर्ग असल्यामुळे ती दहा लाखांवर जाते. सगळं नीट केलं तर क्रांतिक घनता येते (विश्वातलं सगळं मिळून जवळपास तेवढंच भरतं): घनमीटरला हायड्रोजनच्या जेमतेम पाच अणूंइतकं वजन.

त्या पाचांतलं साधं द्रव्य किती, इथे बहुतेकांनी माती खाल्ली. विश्वाच्या आरंभकाळचा उजेड मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या आकड्यांनुसार साधं द्रव्य सुमारे ४.९ टक्के, कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणाने कळणारं) २६.५ आणि कृष्णऊर्जा (विश्वाचं फुगणं वाढवणारी) ६८.५. क्रांतिक घनता अख्खी वापरली तर उत्तर वीस पटींनी फुगतं. दोन्ही द्रव्यं धरली तर सुमारे ६.४ पटींनी. फक्त साधं द्रव्य घेतलं तर चार घनमीटरला एक अणू. मुलांना हे पटेना, म्हणून फीतच आणली. बसायची खोली दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच. अठ्ठावीस घनमीटर भरली. त्यात सात अणू! अर्थात ही सरासरी आहे. प्रत्यक्ष खोलीत हवा ठासून भरलेली असते.

एका पठ्ठ्याने घनता टाळून दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह, मोजायचा मार्ग धरला. २०१६ साली कुठे तरी आलेला दोन लाख कोटींचा अंदाज घेतला आणि सरळ आपल्या आकाशगंगेच्या वजनाने गुणलं. कल्पना वाईट नाही, पण त्या अंदाजातल्या बहुतेक दीर्घिका चिमुकल्या आहेत. शिवाय उजेडावरून वजन ठरत नाही; दिवसा सराफ्यात सोनं चकाकीवर तोलून तर बघा. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीने १९३३ मध्ये कोमा या दीर्घिकांच्या समूहातले वेग पाहिले, तेव्हा दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाला तो समूह धरून ठेवणं झेपेना. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेच्या फिरण्याचे वेग मोजले. कडेलाही ते अपेक्षेप्रमाणे उतरत नव्हते, म्हणजे न दिसणारं वजन तिथेही होतं. साध्या द्रव्यातही तारे थोडेच. बरंचसं दीर्घिकांमधल्या विरळ, तापलेल्या वायूत आहे, आणि कित्येक वर्षं त्याचा हिशेबच लागत नव्हता. २०२० मध्ये वेगवान रेडिओ स्फोटांनी, म्हणजे दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या क्षणभराच्या रेडिओ लहरींनी, तो लावला. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. किती मागे पडल्या यावरून वायू किती ते कळतं.

थोड्या मोठ्या मुलांची एक चूक. ताऱ्यांवरून हबल स्थिरांक ७३ च्या आसपास येतो म्हणून तो घ्यायचा, आणि टक्के मात्र प्लँकचे ठेवायचे. असं केलं की घनता १७ टक्क्यांनी वाढते. टक्के आणि स्थिरांक एकाच घरचे हवेत. साध्या द्रव्याची प्रत्यक्ष घनता सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीवरून, म्हणजे प्लँकने मोजलेल्या त्याच आरंभकाळच्या उजेडावरून, थेटच मिळते. हबल स्थिरांक ६७ की ७३ या भांडणात तिला फारशी झळ लागत नाही.

तुमचं उत्तर दीड गुणिले १० चा ५३ वा घात किलो, किंवा १० च्या ८० व्या घाताच्या आसपास अणू, असं आलं तर वही मिटा. पाव वजन हेलियमचं असल्यामुळे अणू पंचमांशाने कमी भरतील. त्यापायी पुन्हा गणित मांडायची गरज नाही. फक्त उत्तरात ‘दृश्य’ हा शब्द राहू द्या. त्यापलीकडे विश्व कुठवर आहे, संपतं तरी का, हे मोजलेलं नाही.