म्हाळाच्या दिवसांत मुलांना केल्टांचा परलोक सांगायचा तर

गणपती गेले की आमच्या खानापूर तालुक्यात म्हाळाची तयारी सुरू होते आणि मुलं मरणाबद्दल विचारायला लागतात. आधी शाळेत आणि आता वाचनालयात, मी या दिवसांत त्यांना युरोपातल्या जुन्या केल्ट लोकांचा परलोक सांगते. तुम्हीही सांगा. फक्त ‘सगळं आपल्यासारखंच’ असं म्हणून सुरुवात करू नका.

मुलांना आधी देवळामागच्या वीरगळापाशी न्या. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढं वीर. मेलेला कुठं गेला ते दगडावरच आहे. केल्टांनी असं काही ठेवलं नाही. त्यांचे ड्रुइड पुरोहित वीस-वीस वर्षं पाठांतर करायचे, पण ही विद्या लिहायची नाही असा दंडक होता. म्हणून दर वेळी सांगा, की हे कोण सांगतंय.

गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा केल्टांचा मुलूख, जिंकणारा रोमन सेनापती ज्युलियस सीझर लिहितो, की आत्मा मरत नाही, एकातून दुसऱ्यात जातो, असं ड्रुइड शिकवतात; म्हणून लोक लढाईत मरणाला भीत नाहीत. इथं हमखास कुणीतरी म्हणतं, “बाई, म्हणजे पुनर्जन्मच की!” तेव्हा व्हॅलेरियस मॅक्सिमस हा रोमन लेखक काढा. तो म्हणतो, गॉल लोक पुढच्या जगात फेडायच्या बोलीवर पैसे उसने देत. म्हणजे तिथं माणूस तोच, देणंही तेच. कर्माचा हिशोब दोघंही सांगत नाहीत. दोन्ही लेखक बाहेरचे, आणि त्यांचं एकमेकांशी जुळत नाही, हे मुलांपासून लपवू नका.

त्यानंतर होखडोर्फची कबर. हिच्यावर वेळ घालवा, मला ती फार प्रिय आहे. जर्मनीत श्टुटगार्टजवळ 1978-79 मध्ये उत्खनन झालं. इ.स.पू. 530 च्या सुमाराचा एक सरदार ब्राँझच्या लांब आसनावर निजवलेला. शेजारी चार चाकांची गाडी, ताटल्या, नऊ पेयशिंगं आणि सुमारे 500 लिटरची कढई. तिच्यात मधापासून केलेलं मद्य होतं. मुलांना विचारा, नऊ शिंगं कशाला? पंगत बसणार होती, हे तीच ओळखतात. आणि बुटांवरचे सोन्याचे पत्रे सांगायला विसरू नका: डाव्याचे उजव्याला, उजव्याचे डाव्याला लागलेत. ते चालण्यासाठी नव्हते, पुरताना चढवले होते.

आयर्लंडच्या कथा ख्रिस्ती मठांत, पुष्कळ नंतर लिहिल्या गेल्या. तीर ना नोग म्हणजे चिरतारुण्याचा देश. तिथं कथेतला वीर ओशीन घोड्यावरून जिवंत जातो. तो मेलेल्यांचा लोक नव्हे. मेलेले जातात डोन या पूर्वजाच्या घरी, नैऋत्येच्या समुद्रातल्या खडकावर. ही दोन ठिकाणं एकत्र करू नका.

आजी मंडळी ऐकायला बसली असतील तर विचारतीलच, “त्यांच्यात कावळा शिवतो काय?” त्यांना आयरिश कथांतल्या कूहुलिन या वीराचं मरण सांगा. जखमी वीरानं उभ्यानं मरण यावं म्हणून स्वतःला दगडी खांबाला बांधून घेतलं. शत्रू जवळ जायला धजेनात. कावळा खांद्यावर बसला, तेव्हा कुठं पुढं झाले. हा कावळा म्हणजे पितर नव्हे, युद्धदेवता.

सॅव्हिन हा केल्टांचा सण, 31 ऑक्टोबरची रात्र, थोडक्यात उरका. त्या रात्री पलीकडच्या जगाची दारं उघडतात असं कथांत येतं. आजचे पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे जुने देवधर्म पुन्हा पाळणारे लोक, तेव्हा मृतांची आठवण करतात, पण त्यांच्यातला विक्का पंथ विसाव्या शतकातला आहे. त्याची मतं ड्रुइडांच्या तोंडी घालू नका.