मासेमारीच्या जुन्या सामानाची किंमत कशी ठरवावी

माळ्यावरच्या पेटीत आजोबांचं दोरी गुंडाळायचं रीळ, बांबूचा रॉड आणि माशाला फसवणारी, रंग उडालेली चार लाकडी आमिषं सापडली, की आधी हात आवरा. पितळ घासून चकचकीत करू नका, आमिषाला नवा रंग देऊ नका. संग्राहक मूळ रंगाला आणि धातूवर काळाने चढलेल्या छटेला पैसे मोजतो, त्यामुळे आपली हौस त्याच्या लेखी नुकसान ठरते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि फोटो काढा, बस. त्याच पेटीत मऊ प्लास्टिकचे नकली किडे असतील तर तेवढे ताबडतोब वेगळे करा. त्यांच्यातल्या रसायनाने शेजारच्या आमिषाचा रंग विरघळतो.

मग नाव शोधा. रिळावर ते बाजूच्या तबकडीवर किंवा रॉडला बसणाऱ्या पायावर असतं, रॉडवर मुठीजवळ, आमिषावर तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्टीवर. इंग्लंडमधली हार्डी, अमेरिकेतली व्होम होफे, मीक, हेडन ही निर्मात्यांमधली वजनदार नावं. पण नुसत्या नावावर किंवा वयावर भुलू नका. फ्रान्सचं मिचेल ३०० हे रीळ उत्तमच, पण ते लाखोंनी विकलं गेलं, म्हणून साध्या नमुन्याला फारसा भाव नाही.

लाकडी आमिष जरा निवांत पाहावं. डोळे काचेचे की रंगवलेले? काचेचे असतील तर ते बहुधा जुन्या काळातलं. गळ कशाने अडकवलेत, तेही पाहा: हेडनच्या आमिषांवर सुरुवातीला डोक्याला कडी असलेला साधा स्क्रू, नंतर त्याभोवती वाटी, पुढे इंग्रजी एल अक्षरासारखी पट्टी येत गेली, म्हणजे पोटाखालच्या धातूवरूनच काळाचा अंदाज बांधता येतो. जुन्या रंगाला बारीक भेगा पडतात. जुन्या म्हणवणाऱ्या आमिषाचा रंग अगदी तुकतुकीत दिसला, तर मला आधी संशय येतो.

रॉडचे सगळे भाग शेजारी शेजारी ठेवून मोजा. ते सहसा समान लांबीचे असतात. शेंड्याचा भाग दोन-तीन इंचांनी आखूड भरला तर तो कधीतरी मोडलाय. अशा रॉडचा भाव चांगलाच उतरतो. रिळाचा पाय कानशीने घासलेला आहे का, हेही बघा. रॉडच्या बैठकीत बसवण्यासाठी लोक तो सर्रास घासत. मूळ खोका आणि त्यातला माहितीचा कागद मात्र जपा, कधीकधी आतल्या वस्तूइतकाच भाव खोक्याला येतो.

आता आकडा. अमेरिकेतल्या रायली हॅस्केलने १८५९ साली पेटंट घेतलेल्या धातूच्या आमिषाचा एक मोठा नमुना २००३ मध्ये लिलावात १,०१,२०० डॉलरला गेला. हे वाचून झालं की विसरा, तुमच्या पेटीत तो नाही. ऑनलाइन लिलावात 'विकले गेले' ही चाळणी लावा. विक्रेत्याने मागितलेल्या किमतीला अर्थ नाही, कुणीही काहीही मागतो. तेच मॉडेल, तोच आकार, तोच रंग असलेल्या चार-पाच विक्री शोधा. त्यांतली सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त सोडून द्या, उरलेल्यांच्या आसपास आकडा धरा आणि आपल्या नमुन्यातल्या दोषांप्रमाणे तो खाली आणा. व्यापाऱ्याला विकणार असाल तर त्याचा नफा आणि लिलावात देणार असाल तर कमिशन वजा करा. हाती तेवढंच पडेल.